सायलेन्सर बदलला, आता स्क्रू फिरवायचा की जेट बदलायचा?

कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) गाडीला मोकळा सायलेन्सर लावला की हवा जास्त ओढली जाते आणि पेट्रोल कमी पडतं. बीडमधला मेकॅनिक म्हणाला, "कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून देतो भाऊ, १० मिनिटांत." दिला. चौकात गाडी झकास, रेस सोडल्यावरचे फटाकेही कमी. पण मांजरसुंब्याच्या घाटात पूर्ण रेस दिली अन् गाडी गुदमरली. प्लग काढला तर टोक खडूसारखं पांढरं, म्हणजे पेट्रोल कमीच पडतंय.

कारण हा स्क्रू आयडलपासून फार तर पाव रेसपर्यंत चालतो. मधला कारभार कार्बोरेटरमधल्या सुईकडे, पाऊण रेसच्या पुढे मेन जेटकडे (बारीक भोकाचा तुकडा, त्यातून पेट्रोल येतं). सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते, पेट्रोल वाढतं, फुकटचा उपाय. जेट मात्र विकत आणा आणि एकेक नंबरच (भोकाचं माप) वाढवा. एकदम मोठा टाकला तर प्लग काजळतो, ॲव्हरेज बसतं.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारची हवा विरळ, मिश्रण आपोआप जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. म्हणून चाचणी पहाटे घेतली. तेव्हा पेट्रोल पुरलं की दुपारी पुरतंच.

गावातल्या गावात फिरणाऱ्याला स्क्रू पुरे. (कर्कश आवाजाचा दंड दोन्हीत सारखाच.) मला रोज हायवे, म्हणून जेट बदलला. प्लग आता शेंगदाण्याच्या टरफलासारखा तांबूस निघतो.