भरपाईचा वकील: फी वसूल होते का?

पॉवर प्रेसखाली बोट गेलं की चाकण-भोसरीकडे पहिला सल्ला मिळतो, "आपसात मिटवून घ्या." दुसरा, "लगेच वकील गाठा." दोन्हींच्या आधी एक गोष्ट बघायची: कामगाराला ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक आहे का? असेल तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. अपंगत्वाचा लाभ ईएसआयच देतं, टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. मालकाने अपघाताचा अहवाल वेळेत पाठवला असेल, तर इथे वकिलावर खर्च करायचं फारसं कारण नाही.

वकील लागतो तो महिना पगार 21,000 च्या वर असल्याने ईएसआयबाहेर राहिलेल्यांना, आणि ठेकेदाराने मस्टरवर नावच न घातलेल्यांना. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याआधीच्या अपघाताला मात्र 1923 चा कर्मचारी भरपाई कायदाच लागतो, कारण भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच उभी राहते.

जुन्या कायद्याचं गणित सोपं आहे. वय 30, पगार 22,000, पण धरायचे कमाल 15,000. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले 207.98 (कायद्याने या वयासाठी ठरवलेला गुणक) म्हणजे 18,71,820 रुपये. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अख्खी तर्जनी गेली तर तिचे 14 टक्के, साधारण 2 लाख 62 हजार. अंगठा गेला तर 30 टक्के. एवढ्यासाठी वकील नको, कॅल्क्युलेटर पुरे.

फी वसूल होते ती कायद्याच्या परिशिष्टात अशी ठरीव टक्केवारी नसलेल्या दुखापतीत: मणक्याला मार, न वळणारं मनगट. डॉक्टर लिहितो "30 टक्के अपंगत्व". ते शरीराचं, भरपाई मिळते कमाईची क्षमता किती गेली त्यावर. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंग मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. चांगला वकील डॉक्टरला साक्षीला बोलावून नेमकं हेच विचारतो: हा माणूस पुन्हा प्रेसवर उभा राहील का? आळशी वकील सर्टिफिकेट जोडून मोकळा होतो.

दुसरी जागा व्याज-दंडाची. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीकडून निघतं. दंड मात्र मालकाने स्वतः भरायचा, तोही त्याला नोटीस काढून म्हणणं ऐकल्यावरच. वकिलाने ही मागणी अर्जात घातलीच नाही तर ती तिथेच राहते. मूळ कंपनीलाही पक्षकार करायचं; ठेकेदार उद्या सापडेलच असं नाही.

मिटवामिटवीच्या कागदावर सही झाली म्हणून घाबरू नये. तडजोड भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, नोंदवली नसेल तर मालकाची पूर्ण भरपाईची जबाबदारी राहते, आणि दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजावट त्याला सहसा मिळत नाही. अर्जाची मुदत दोन वर्षं.

प्रकरण बिघडतं ते बहुतेक पहिल्याच दिवशी. दवाखान्याच्या केस पेपरवर "घरी पडला" असं लिहिलं गेलं की पुढची सगळी साक्ष ते खोडण्यात जाते. पगार रोख असेल तर हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, गेटपास, जे असेल ते जपावं.

फीबाबत: "मिळेल त्यातले 20 टक्के" असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला करताच येत नाही. ठरावीक रक्कम, टप्प्याटप्प्याने, पावतीसह द्यावी. तीही परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुभवी आणि मन लावून काम करणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर वकील बदलून मागावा. वकीलपत्रावर सही करताना रक्कम स्वीकारायचा अधिकार कुणाला दिलाय ते वाचावं, आणि पैसे थेट स्वतःच्या बँक खात्यात मागावेत.