जमिनीखालची ऊब: पाण्याची की विजेची?

म्युनिकजवळच्या आमच्या घरात पाण्याच्या पाइपांचं फ्लोअर हीटिंग आहे, म्हणजे फरशीखालच्या पाइपांतून गरम पाणी फिरतं आणि घर तापतं. घर नव्यानं बांधत असाल तर डोळे झाकून हेच घ्या. भिंतीपाशी बसवतात त्या जुन्या रेडिएटरांना ५५ ते ७० अंशांचं पाणी लागतं. इथे ३५च्या आसपास भागतं, म्हणून हीट पंपाशी, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात ओढणाऱ्या यंत्राशी, याची जोडी छान जमते; पाणी जितकं कमी तापवायचं तितकी त्याला वीज कमी लागते. फरशीखाली अंथरायची विजेच्या तारांची मॅट बसवायला स्वस्त, पण अख्खं घर तिच्यावर तापवायचं तर बिल परवडत नाही. एकट्या बाथरूमपुरती ती उत्तम.

ब्रँडपेक्षा पाइपांमधलं अंतर आणि वरची फरशी बघा. आमच्याकडे हॉलमध्ये १५ सेंटिमीटर, मोठ्या खिडकीपाशी १०. वर टाइल्स आहेत. त्यांवर जाड गालिचा अंथरलात तर ऊब खालीच अडकते. युरोपीय मानकानुसार बसण्याउठण्याच्या जागी जमीन २९ अंशांपुढे तापू नये, त्यामुळे पाय भाजत नाहीत, सुखावतात. पुण्याहून आलेली आई भर जानेवारीत खाली मांडी घालून मेथी निवडत बसते.

तक्रार एकच. बसवणाऱ्यांनी प्रत्येक खोलीत जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह नीट जुळवूनच दिला नव्हता. बेडरूम तापलेली आणि अभ्यासाची खोली गार. शेवटी दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं मॅनिफोल्डवरच्या, म्हणजे पाणी खोल्याखोल्यांत वाटणाऱ्या जोडनळीवरच्या, प्रवाह दाखवणाऱ्या काचनळ्या बघत एकेक व्हॉल्व्ह फिरवून ते काम केलं. हे करारातच लिहून घ्या. आणि थर्मोस्टॅट सारखा वर-खाली करू नका, पाइपांवरचा सिमेंटचा थर तापायला काही तास घेतो.