लंडन ते पॅरिस: विमान की युरोस्टार?

लंडन-पॅरिस सरळ रेषेत साधारण ३४० किलोमीटर. विमानाच्या तिकिटावर सव्वा तास लिहिलेला असतो, युरोस्टार रेल्वेच्या तिकिटावर २ तास २० मिनिटांच्या आसपास. हे वाचून मीही पहिल्या खेपेला विमानच बुक केलं होतं, आणि अख्खी सकाळ त्यात गेली.

हिशेब घराच्या दारापासून करा. मध्य लंडनहून पिकॅडिली लाइनच्या मेट्रोने हीथ्रो विमानतळाला तासभर. दोन तास आधी पोचायचं. सव्वा तासाचं विमान, त्यातही हवेत पाऊण-एक तासच, बाकी धावपट्टीकडे सरकणं. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्टची रांग, बॅगेची वाट, मग आरईआर बी या लोकल गाडीने गावात यायला अर्धा-पाऊण तास. साडेपाच-सहा तास सहज होतात.

युरोस्टार गाडी लंडनच्या सेंट पॅन्क्रसहून सुटते, पॅरिसच्या गार द्यू नॉरला थांबते. दोन्ही स्टेशनं शहरातच. सव्वा-दीड तास आधी गेलं की पुरतं. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते, त्यामुळे पॅरिसला उतरलात की थेट मेट्रो. सगळं धरून चारएक तास. मात्र ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्समध्ये जाता येत नाही; फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन व्हिसा नसेल तर सेंट पॅन्क्रसहूनच माघारी फिरावं लागतं.

वेळापत्रक बघताना एक गंमत लक्षात ठेवा. पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे. ९ ला निघालेली गाडी ‘१२.२०’ला पोचते असं दिसतं आणि उगाच लांबचा प्रवास वाटतो. परतीला तोच तास परत मिळतो.

सामानात तर गाडीच सरस. ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि वर एक हातातली, वजनकाटा नाही. फक्त स्वतःला उचलता आल्या पाहिजेत. स्वस्त विमानकंपन्यांत बॅगेचे पैसे वेगळे, ते धरले की स्वस्ताई बरीचशी ओसरते. आईची लोणच्याची बरणी गाडीत पिशवीत बसून आली. तूप मात्र लंडनलाच ठेवावं लागलं, कारण ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

बाबा समुद्र दिसेल म्हणून खिडकी धरून बसले होते. पण वाटेत इंग्लिश खाडीखालून जाणारा ५० किलोमीटरचा बोगदा, त्यातले ३८ समुद्राखाली, आणि वीसेक मिनिटं काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला.

मग विमान कुणी घ्यावं? मुंबईहून हीथ्रोला उतरून तसंच पुढे जायचं असेल, एकाच तिकिटावर, तर विमानच. हाउन्स्लो किंवा साउथॉलला नातेवाइकांकडे उतरला असाल तरी हीथ्रो हाकेच्या अंतरावर आहे. आणि गाडीचं तिकीट ऐनवेळी काढायला गेलात तर भाव असा चढलेला असतो की सहा तास परवडतात.