एक्स्टेन्शनच्या हेडलेस टेस्टसाठी प्लेराइट, पपेटियर की सेलेनियम?

ही तिन्ही ब्राउझर कोडने चालवून टेस्ट करणारी साधनं आहेत; हेडलेस म्हणजे ब्राउझरची खिडकी न दाखवता. एक्स्टेन्शन फक्त क्रोमसाठी आहे की फायरफॉक्ससाठीही, हे आधी ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो. प्लेराइट फायरफॉक्स चालवतो, पण एक्स्टेन्शन लोड करण्याची सोय त्यात फक्त क्रोमियमसाठी आहे. फायरफॉक्स हवा असेल तर सरळ सेलेनियम घ्या. सही न केलेलं पॅकेजही तात्पुरतं अ‍ॅडऑन म्हणून बसवता येतं आणि ते हेडलेसमध्ये चालतं. मात्र नव्या प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शनच्या पानांचा पत्ता बदलतो, तेव्हा यूयूआयडी (त्या पत्त्यातला ओळख-क्रमांक) फायरफॉक्सच्या प्रेफरन्समधून आधीच नेमून द्या.

क्रोमबद्दल एक जुना सल्ला अजून फिरतो: हेडलेसमध्ये एक्स्टेन्शन चालत नाही, म्हणून एक्सव्हीएफबीचा आभासी डिस्प्ले लावा. २०१७च्या हेडलेसबाबत ते खरं होतं. २०२३मध्ये क्रोम ११२बरोबर आलेला नवा हेडलेस म्हणजे खिडकी न दाखवणारा पूर्ण क्रोमच, त्यात एक्स्टेन्शन चालतं. तरी सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) ते लोड झालं नाही, तर दोन गोष्टी तपासा. प्लेराइट हेडलेससाठी मुळात हलकं हेडलेस शेल (पूर्ण ब्राउझर नव्हे) उघडतो; चॅनलमध्ये 'क्रोमियम' लिहिलं आणि पर्सिस्टंट कॉन्टेक्स्ट (प्रोफाइल फोल्डरसह उघडलेला ब्राउझर) वापरला की काम होतं. दुसरं, क्रोम १३७पासून नेहमीच्या क्रोममधून लोड-एक्स्टेन्शन हा एक्स्टेन्शन लोड करणारा फ्लॅग काढला आहे. क्रोमियम किंवा क्रोम फॉर टेस्टिंग वापरा.

प्लेराइट की पपेटियर? तुमचं एक्स्टेन्शन मुख्यतः पानात कंटेंट स्क्रिप्ट (वेबपानाच्या आत चालणारा कोड) घालत असेल तर प्लेराइट. त्याचे लोकेटर (पानातला घटक शोधणारे) घटक तयार होईपर्यंत स्वतः थांबतात, आणि टेस्ट पडली तर ट्रेसमध्ये (टेस्टच्या नोंदीत) नेमकं काय घडलं ते पाहता येतं. रोजच्या कामात याची किंमत फार मोठी आहे.

पण बराचसा जीव बॅकग्राउंडमध्ये असेल तर मी पपेटियरकडे झुकेन. मॅनिफेस्ट व्ही३मध्ये (क्रोम एक्स्टेन्शनच्या सध्याच्या रचनेत) सर्व्हिस वर्कर, म्हणजे बॅकग्राउंडमध्ये चालणारा कोड, साधारण ३० सेकंद निष्क्रिय राहिला की बंद होतो आणि ग्लोबल व्हेरिएबलमधलं सगळं जातं. एक्स्टेन्शनमधले सर्वात चिवट बग इथे असतात. टेस्टमध्ये ते दिसत नाहीत, कारण टेस्ट भराभर संपते, आणि वर्करला डिबगर जोडलेला असेल तर तो झोपतही नाही. पपेटियरमध्ये वर्कर मुद्दाम बंद करता येतो. मग पानावरून मेसेज पाठवा आणि उत्तर येतं का ते बघा. ही एक टेस्ट तरी हवीच.

एक्स्टेन्शनच्या बटणावर उघडणारा पॉपअप टॅबमध्ये उघडून तपासणं सगळीकडे जमतं. मॅनिफेस्ट फाइलमध्ये 'की' घातली की क्रोममध्ये एक्स्टेन्शनचा आयडीही कायम राहतो. पण तेव्हा सक्रिय टॅब खुद्द पॉपअपचाच असतो, त्यामुळे 'चालू टॅबवर काम कर' असा कोड चुकीच्या पानावर चालतो. अशा वेळी वर्करमधून अ‍ॅक्शन एपीआयने खरा पॉपअप उघडा; पपेटियरच्या दस्तऐवजात ही पद्धत दिलेली आहे.