आभा कार्ड आणि अ‍ॅप : दीड वर्ष वापरल्यावर ५ पैकी २ स्टार

अण्णांचं म्हणजे माझ्या वडिलांचं आभा कार्ड (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, म्हणजे वेगवेगळ्या दवाखान्यांतले रिपोर्ट एका नंबरला जोडायची सरकारी सोय) गावातल्या आशाताईंनी काढून दिलं होतं. वय ७१, बीपी आणि शुगर दोन्ही, त्यात २ वर्षांपूर्वी हृदयाचं थोडं झालेलं, म्हणून मी मुद्दाम बसून अ‍ॅप डाउनलोड केलं, लॉगिन केलं, आणि त्यानंतर ज्या ज्या दवाखान्यात गेलो तिथे काउंटरवर स्वतःहून १४ आकडी नंबर दिला. मला खरंच वाटलं होतं की आता फाईलची पिशवी घेऊन फिरायची गरज नाही.

मागच्या पावसाळ्यात अण्णा पुण्याला माझ्याकडे आले होते आणि रात्री साडेदहाला छातीत दुखायला लागलं. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "जुना ईसीजी आहे का? यात बदल दिसतायत, ते आधीपासूनचे आहेत का आजचे, हे मला कळायला हवं." प्रश्न बरोबरच होता. मी अ‍ॅप उघडलं. नाव, फोटो, नंबर, क्यूआर कोड सगळं होतं, रेकॉर्डच्या जागी काहीच नव्हतं. ज्या हॉस्पिटलात २ वर्षांपूर्वी अ‍ॅडमिट होते तिथे नंतर तपासणीला गेलो तेव्हा याच आभाचा क्यूआर स्कॅन करून केस पेपर काढला होता, तरी तिथला ईसीजी नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) नाही, डिस्चार्ज कार्डही नाही. शेवटी ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी, केली, काही तासांनी परत केली, रात्रभर मॉनिटर लावून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ पहाटेच्या एसटीने गावाहून फाईल घेऊन आला तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी धरून सांगितलं की बदल जुनेच आहेत. तोपर्यंत आईने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि त्या जुन्या ईसीजीचा कागदही थर्मल पेपर असल्यामुळे निम्मा उडाला होता, अजून वर्षभराने तोही वाचता आला नसता.

घरी आल्यावर मी हे सगळं प्रकरण नीट वाचून काढलं, कारण दोष कुठे आहे ते मला समजून घ्यायचं होतं. १५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून ही योजना जाहीर केली, आधी ६ केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू झाली. आता ७० कोटींच्या वर आभा नंबर निघालेत. पण तुमची कागदपत्रं कुठल्याही सरकारी सर्व्हरवर एका जागी साठत नाहीत, ती ज्या त्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्येच राहतात आणि आभा फक्त त्यांना जोडणारा धागा आहे. माहितीच्या सुरक्षेच्या दृष्टीने ही रचना मला पटते, एकाच ठिकाणाहून सगळ्या देशाचे आजार चोरीला जायला नकोत. पण मग हॉस्पिटलने रेकॉर्ड डिजिटल केलं नाही किंवा केलं पण तुमच्या आभाला लिंक केलं नाही तर तुमच्या हातात रिकामा धागा राहतो, आणि यात सामील होणं ऐच्छिक आहे. नंबर घेणारा काउंटर वेगळा आणि रिपोर्ट जोडणारी सिस्टीम वेगळी, हे पेशंटला कोणीच सांगत नाही.

चांगलं काय ते सांगायलाच हवं. सरकारी हॉस्पिटलात क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन मिळतं ती सोय उत्तम आहे, नाव-पत्ता-वय परत परत सांगत रांगेत उभं राहावं लागत नाही. दोन स्टार त्याचेच.

पण स्कॅन करून टोकन मिळालं म्हणजे रेकॉर्ड जोडलं गेलं असं नाही. मीही इथेच फसले.

दुसरी अडचण नावाची. अ‍ॅपमधून हॉस्पिटलचं रेकॉर्ड शोधायला गेलं तर नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल नंबर जुळवले जातात. आता आपल्याकडे महादेव, वासुदेव ही नावं इंग्रजीत कोणी शेवटी व्ही लावून लिहितं, कोणी ई-ओ लावून. आधारवर एक स्पेलिंग, केस पेपरवर घाईत लिहिलेलं दुसरं, म्हाताऱ्या माणसांचं जन्मवर्ष शाळेत अंदाजाने टाकलेलं, मोबाईल कधी मुलाचा कधी जावयाचा. यातलं जुळायचं किती? हे बनवताना तालुक्याच्या हॉस्पिटलच्या खिडकीवर एक दिवस बसून बघायला हवं होतं.

आणि समजा सगळं जुळलं, तरी डॉक्टरने रिक्वेस्ट पाठवायची, पेशंटने फोनवर मंजुरी द्यायची, मग रेकॉर्ड दिसणार. मंजुरी घ्यायलाच हवी, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण बाहेर शंभर माणसं बसलेली असताना ओपीडीतला डॉक्टर हे करत बसेल का, आणि ७१ वर्षांच्या माणसाला तो मेसेज कळेल का? डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांना टायपिंगला माणूस दिलेला नाही, एकच काम ते वहीत आणि कॉम्प्युटरवर दोनदा करतात.

आपल्या राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत जुनी कॉम्प्युटर सिस्टीम २०२२ मध्ये बंद पडली आणि पुन्हा हाताने केस पेपर लिहायची वेळ आली होती, ते मी विसरलेले नाही. सिस्टीम बदलली की आधीच्या पेशंटचा डेटा नव्या सिस्टीममध्ये येणार का, हे कंत्राट करतानाच लिहून घ्यायला पाहिजे.

अजून एक, कारण आमच्या गावात यावरून लोक खरंच अडचणीत येतात. आभा कार्ड म्हणजे ५ लाखांचं आयुष्मान कार्ड नाही!! आभा फक्त रेकॉर्डसाठी आहे, त्यावर उपचार मोफत होत नाहीत. आयुष्मान कार्ड वेगळं काढावं लागतं, ७० वर्षांवरच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, ते आई-वडिलांचं जरूर काढून घ्या. दोन्ही नावं इतकी सारखी ठेवल्यामुळे ऐन वेळी काउंटरवर चुकीचं कार्ड पुढे करणारी माणसं मी पाहिलीत.

सध्या मी काय करते ते सांगते. अण्णांचा प्रत्येक ईसीजी हातात पडला की त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढते, मग फोटो काढून अ‍ॅपमध्ये स्वतः अपलोड करते. डिस्चार्ज घेताना बिलाच्या काउंटरवरच विचारते, "हे आभाला लिंक केलं का? आत्ता माझ्यासमोर करा." दोनदा त्यांनी केलं, एकदा तर १० मिनिटांत रिपोर्ट अ‍ॅपमध्ये दिसला, म्हणजे जमतं. बाकी वेळा "आमच्याकडे ते होत नाही" एवढंच ऐकायला मिळालं. पिशवी अजून दाराजवळच्या खुंटीला आहे, पुण्याला येताना अण्णा आता ती न विसरता आणतात.