स्टेंट का बायपास? नानांच्या रिपोर्टवरून जे समजलं ते

जळगावला नानांची अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तनळ्यांत औषध सोडून घेतलेला एक्स-रे) झाली, तिन्ही नळ्यांत ब्लॉक निघाले. डॉक्टर म्हणे स्टेंट टाकता येतील पण बायपास बरी, दोन दिवसांत सांगा. घरात एकच धोशा, छाती कापू नका. मी पण आधी त्याच बाजूने होतो.

मग डॉक्टरांनी सीडी लावून दाखवलं. हृदयात एवढं रक्त असतं पण त्याच्या स्नायूला ते आतून मिळत नाही, महाधमनीच्या तोंडाशीच दोन नळ्या फुटतात त्यातून मिळतं. डावीच्या दोन फांद्या, एक पुढून खाली उतरते ती एलएडी, दुसरी मागे वळते, आणि उजवी बहुतेकांत खालची बाजू सांभाळते, अशा मिळून तीन. आपल्या रावेर-यावलच्या माणसाला हे पटकन कळतं, केळीच्या ठिबकात लॅटरल म्हणजे ओळीतली बारीक नळी चोक झाली तर एक ओळ सुकते, तिला पाणी देणारी सबमेन चोक झाली तर अख्खा प्लॉट. म्हणून ब्लॉक किती टक्के यापेक्षा तो कुठे आहे हे आधी विचारा.

स्टेंटमध्ये हाताच्या नाहीतर जांघेच्या धमनीतून वायर नेऊन फुग्याने जागा मोकळी करतात, जाळी बसवतात, एक-दोन दिवसांत घरी. पण उघडतो तेवढाच ब्लॉक, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या साधारण 6 ते 12 महिने, एक दिवस पण चुकवायच्या नाहीत. एखादा-दुसरा ब्लॉक असेल तर मी हेच निवडेन. अटॅक चालूच असेल तर मात्र तुलना करत बसू नका, लगेच जवळची कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-स्टेंटची सोय असलेला दवाखाना, गाठा.

बायपासमध्ये ब्लॉकला हात लावत नाहीत, त्याच्या पुढे नवी लाईन जोडतात, त्यामुळे वर उद्या दुसरा ब्लॉक आला तरी खाली रक्त पोचतं. छातीतली धमनी एलएडीला जोडली तर 10 वर्षांनी पण 90 टक्क्यांच्या आसपास चालू राहते, पायाची शीर तेवढी टिकत नाही. म्हणून एलएडीला काय लावणार ते नक्की विचारा. त्रास आहेच, आठवडाभर दवाखाना, हाड जुळेपर्यंत दोन-तीन महिने घड उचलणं, ट्रॅक्टर सगळं बंद.

नानांना शुगर आहे, आमचं तिथेच ठरलं. शुगर आणि जास्त नळ्यांत ब्लॉक असलेल्यांवर फ्रीडम नावाचा मोठा अभ्यास 2012 ला आला, त्यात पाच वर्षांत बायपासवाल्यांमध्ये मृत्यू आणि अटॅक कमी होते, स्ट्रोक मात्र थोडे जास्त.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत दोन्ही बसतं, फक्त दवाखाना यादीत आहे का ते भरती होण्याआधी बघून घ्या.

आम्ही बायपासला हो सांगितलं. यंदाची केळी कापणी काका बघणार आहेत.