पीसीटीच्या वाटेने परदेशी पेटंट : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

पाइप जोडण्याच्या एका कपलिंगसाठी आम्ही पीसीटी (पेटंट कोऑपरेशन ट्रीटी) या आंतरराष्ट्रीय कराराखाली अर्ज केला, त्याला आता बरेच महिने झाले. सर्च रिपोर्ट (आधीचे मिळतेजुळते दस्तऐवज शोधून दिलेला अहवाल) हातात आहे, अर्ज प्रसिद्ध झाला आहे आणि नॅशनल फेजची, म्हणजे एकेका देशात अर्ज नेण्याची, तयारी चालू आहे. ज्यांच्या मनात परदेशात पेटंट घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

'आंतरराष्ट्रीय पेटंट' असं काही नसतं, हे आधी सांगायला हवं. पीसीटी हा १९७० चा करार, १९७८ पासून लागू, आणि १५० हून जास्त देश त्यात आहेत. तो पेटंट देत नाही, वेळ देतो. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत पीसीटी अर्ज टाकला, की त्याच पहिल्या तारखेपासून बहुतेक देशांत शिरायला ३० महिने मिळतात, युरोपियन पेटंट ऑफिसात ३१. देशोदेशीची फी, भाषांतर, तिथला एजंट हा सगळा खर्च तोवर लांबतो. माल कुठे खपेल याचा अंदाज यायला लहान उद्योगाला एवढा काळ लागतोच.

पीसीटीचं काम बघणाऱ्या वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) ईपीसीटी हे ऑनलाइन अर्जाचं पोर्टल मला मनापासून आवडलं. अकाउंटला पैसे पडत नाहीत, पुढच्या मुदती टाइमलाइनवर दिसतात आणि एजंटला फाइल नुसती बघू द्यायची की बदलूही द्यायची, हे आपण ठरवतो. काही देशांच्या नागरिकांना आंतरराष्ट्रीय फायलिंग फीमध्ये ९० टक्के सूट आहे, पण ती व्यक्तीच्या नावावरच्या अर्जाला. कंपनीच्या नावाने भरला की नाही. म्हणून अर्जदार कोण, हे आधी ठरवा.

पैसे वसूल झाले ते सर्च रिपोर्टमध्ये. त्या तक्त्यात डावीकडे एक अक्षर, मध्ये जुना दस्तऐवज आणि उजवीकडे तो कोणत्या क्लेमना (ज्यावर आपण हक्क सांगतो ते क्रमवार मुद्दे) आडवा येतो त्यांचे नंबर. 'एक्स' म्हणजे तो एकटाच क्लेम पाडायला पुरेसा, 'वाय' म्हणजे दुसऱ्याच्या जोडीने, 'ए' म्हणजे नुसती पार्श्वभूमी. आमच्या पहिल्या चार क्लेमसमोर 'एक्स' होता, एका जुन्या जपानी अर्जाचा. एस्पेसनेट या पेटंट शोधण्याच्या साइटवर तो उघडला. यांत्रिक भाषांतर अडखळत होतं, पण आकृती बोलकी होती: आमच्यासारखीच तिरकी खाच. स्प्रिंग-रिंगचा पाचवा क्लेम मात्र सुटला होता. मग पीसीटीच्या कलम १९ खाली क्लेम बदलून तोच मुख्य केला. ही संधी एकदाच मिळते, तीही फक्त क्लेमपुरती. मुदत रिपोर्ट पाठवल्यापासून २ महिने किंवा पहिल्या तारखेपासून १६ महिने, यातली जी नंतरची असेल ती. जो देश आमच्यासाठी काठावरचा होता, तो त्याच आठवड्यात यादीतून गेला.

खाचेच्या कोनाची मर्यादा मूळ वर्णनात आकड्यांत लिहिलेली होती, तीही कामाला येते आहे. मूळ मजकुरात नसलेलं नंतर घालता येत नाही आणि युरोपात हा नियम फार कडक लावतात. म्हणून पहिल्या मसुद्यात पर्यायी मापं, पर्यायी साहित्य, सगळं भरपूर लिहा.

देश बदलला की नियम बदलतात. युरोपात १५ क्लेमच्या पुढे जादा फी, अमेरिकेत २० च्या पुढे. जपानमध्ये ३ वर्षांत परीक्षणाची वेगळी मागणी केली नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. अर्जाआधी प्रदर्शनात वस्तू दाखवली असेल, तर अमेरिका एक वर्ष सांभाळून घेते, युरोपात मात्र बहुधा दार बंद होतं.

१८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला की 'नोंदणी फी' मागणारी पत्रं येतात. आमच्याकडे आलेल्या पत्रावर प्रकाशन क्रमांक बरोबर, शीर्षक बरोबर, वर सरकारी वाटावं असं चिन्ह. हे अधिकृत बिल नाही, हे मात्र तळाला बारीक अक्षरांत. अशा पत्रांचे नमुने वायपोने स्वतःच्या साइटवर ठेवले आहेत. अकाउंट्स सांभाळणाऱ्या माणसाला ते आधीच दाखवा, कारण पैसे तिथूनच जातात.

माझी तक्रार आहे ती परदेशी एजंटांच्या कोटेशनवर. एका फर्मने दिलेला आकडा फक्त अर्ज दाखल करण्याचा होता. एक्झामिनरच्या आक्षेपांना उत्तर देण्याचा खर्च त्यात धरलाच नव्हता, आणि खरा खर्च तिथेच होतो. आता आम्ही प्रत्येकाकडून भाषांतराचा दर, एका उत्तराचा दर आणि मंजुरीनंतरची फी, असे वेगवेगळे आकडे लेखी मागतो. जो देत नाही, त्याला काम देत नाही.